गालिचा, साबण आणि वेळ



आज गालिच्याबद्दल लिहिणार आहे. काश्मिरी किंवा इराणी गालिच्याबद्दल नव्हे, त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते मंगल कार्यालयं, हॉटेलं, नाट्यगृहं आणि कंपन्यांच्या ऑफिसांत भिंतीपासून भिंतीपर्यंत घातलेल्या, रोज शेकडो बुटांखाली तुडवल्या जाणाऱ्या कार्पेटबद्दल. ते अगदी कळकट झालं की कसं साफ करतात, आणि आपल्याकडे ते बहुधा नीट साफ का होत नाही, याबद्दल.

"बाईंना आता हे काय सुचलं?" असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटेल. वाटू दे. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, विज्ञानाचा तास कधी घेतला नाही. पण निवृत्तीनंतर एक फायदा होतो. कोणत्याही विषयावर प्रश्न विचारायची लाज वाटेनाशी होते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. गालिच्याची खोल सफाई हे अकुशल काम नाही. आणि ती बिघडते ती कामगाराच्या आळसामुळे फार कमी वेळा. बहुतेक वेळा ती बिघडते कारण काम करून घेणारा यंत्राचे पैसे देतो, साबणाचे देतो, माणसांचे (थोडेफार) देतो, पण वेळेचे देत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात हे सफाईचं काम करतो. चार मुलं हाताशी, दोन-तीन यंत्रं आणि एक टेम्पो, एवढा संसार. शाळेत असताना तो मागच्या बाकावर बसायचा. आता तो बोलू लागला की मी पुढच्या बाकावर बसल्यासारखी ऐकते. एकदा त्याच्या मागे लागून मी त्याचं काम बघायला गेले. लग्नाचा हंगाम नुकताच संपला होता. तीनेक हजार चौरस फुटांचा वातानुकूलित हॉल, आणि गालिच्याचा मूळ रंग कोणता हे फक्त कोपऱ्यातल्या खुर्च्यांखाली कळत होतं. चहा, गुलाबजामचा पाक, वरणाची हळद, मुलांनी सांडलेलं आइस्क्रीम, आणि दारापासून स्टेजपर्यंत माणसांच्या पायांनी पडलेली काळी पायवाट.

मला वाटलं होतं, आता ही मुलं बादल्या भरतील, फेस करतील. तसं काहीच झालं नाही. पहिला जवळजवळ तासभर पाण्याचा थेंब नाही. दोघं जण फिरत्या ब्रशचा उभा व्हॅक्यूम घेऊन, शेत नांगरावं तसे संथपणे, एकदा उभं आणि एकदा आडवं जात होते.

"बाई, पाणी शेवटी लागतं," तो म्हणाला. "आधी कोरडी माती काढायची. ती राहिली आणि वर पाणी पडलं की तिचा चिखल होतो. मग तो लवेच्या मुळाशी जाऊन बसतो."

गालिच्यातल्या घाणीचा मोठा भाग डाग नसतोच, ती कोरडी माती असते. बुटांबरोबर आलेली धूळ, बारीक वाळू, कपड्यांचे धागे. त्यात वाळू सर्वांत वाईट. वाळूतलं क्वार्ट्झ नायलॉनच्या धाग्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. प्रत्येक पावलागणिक ते कण धाग्यावर घासले जातात आणि त्याला चरे पाडतात. म्हणून जुन्या ऑफिसात दारासमोरचा पट्टा कितीही धुतला तरी मळकाच दिसतो. तिथे घाण उरलेली नसते. धागाच ओरखडलेला असतो, त्यामुळे उजेड त्याच्यावरून नीट परतत नाही. अशा पट्ट्यावर आणखी साबण ओतून काही होत नाही. रोज सकाळी व्हॅक्यूम फिरवला असता तर ही वेळ आली नसती.

व्हॅक्यूम झाल्यावर फवारणी. द्राक्षबागेत औषध मारतात तसला पंप, फक्त आत साबणाचं द्रावण. तेलकट घाणीसाठी अल्कधर्मी. पण गालिचा लोकरीचा असेल तर तीव्र अल्कली चालत नाही. लोकर म्हणजे शेवटी केस, आणि केसांना धुण्याचा सोडा लावला तर त्यांचं काय होईल ते सांगायला नको. म्हणून काम सुरू करण्याआधी त्याने एका कोपऱ्यातून धागा उपटून तो जाळून बघितला होता. जळक्या केसांचा वास आला तर लोकर. वितळून त्याचा कडक मणी झाला तर नायलॉन किंवा त्याचं दुसरं कृत्रिम भावंडं. हा प्रयोग कापडाच्या दुकानातले जुने लोकही करत.

आणि मग आलं ते, ज्यासाठी मी हा लेख लिहितेय. फवारणी झाली आणि सगळे थांबले. त्यांनी फवारा सगळ्या हॉलवर एकदम मारला नव्हता, हाताळता येईल एवढ्याच पट्ट्यावर मारला होता. ब्रशच्या यंत्राने तो पट्टा हलकेच घोळला, म्हणजे द्रावण लवेच्या मुळापर्यंत गेलं, आणि मग दहा-पंधरा मिनिटं नुसती वाट पाहिली. पाहणाऱ्याला वाटावं, ही मुलं टंगळमंगळ करतायत. प्रत्यक्षात त्या वेळात साबण तेलाला धाग्यापासून सोडवत असतो. आपल्या आयांनी कपडे रात्री भिजत का घातले? करपलेल्या पातेल्यात पाणी घालून ते का ठेवून दिलं? तेच हे. जास्त वेळ ठेवून वाळू द्यायचं मात्र नाही, नाहीतर सुटलेली घाण पुन्हा चिकटते.

त्यानंतर खरं यंत्र. त्याला ते एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. लोक त्याला वाफेची सफाई म्हणतात, पण त्यात वाफ नसते. गरम पाणी दाबाने लवेत मारायचं आणि त्याच नळीच्या तोंडाशी असलेल्या व्हॅक्यूमने लगेच ओढून घ्यायचं. (अमेरिकेत हे यंत्र बरेचदा व्हॅनमध्येच बसवलेलं असतं आणि लांब नळ्या आत नेतात. आपल्याकडे चाकांवरचं.) एकदा पाणी मारत मागे यायचं, मग पाणी बंद करून त्याच जागेवरून दोनदा नुसतं ओढत यायचं. ही दोन कोरडी ओढणी कोण किती प्रामाणिकपणे करतो यावर सगळं अवलंबून. टाकीत जमलेलं पाणी मी पाहिलं. पावसाळ्यात मुठेला येतं तसं. आणि हे सगळं तासभर व्हॅक्यूम केल्यानंतर!

शेवटच्या पाण्यात किंचित आम्ल घातलं होतं. साबणाचा अंश मागे राहिला तर तो चिकट असतो, आणि चार दिवसांत नवी धूळ धरून बसतो. "आत्ताच धुतलं आणि लगेच मळलं" ही जी तक्रार असते तिचं कारण पुष्कळदा हेच. गालिचा घाणीने मळत नाही, राहिलेल्या साबणाने मळतो. मग मालक म्हणतो, पुढच्या वेळी साबण जास्त घाला!

आता हळदीचं सांगते, कारण ते आपलं खास दुखणं आहे. वरणाच्या डागावर कुणी घाईने अल्कधर्मी साबण मारला की डाग लालभडक होतो. लोक घाबरतात, गालिचा जळला म्हणतात. जळलेला काही नसतो. शाळेत हळदीच्या कागदाचा प्रयोग आपण सगळ्यांनी केलाय. अल्कली लागली की हळद लाल होते, आम्ल लागलं की पुन्हा पिवळी. गुण मिळवून आपण तो प्रयोग विसरलो. त्याच्या पथकातल्या, नववीत शाळा सुटलेल्या मुलाला मात्र तो पाठ आहे, कारण त्याला तो रोज लागतो.

दुसरी गोष्ट वातीची. सकाळी नाहीसा झालेला चहाचा डाग दुपारी पुन्हा जिथल्या तिथे हजर होतो. भुताटकी नाही. चहा लवेतून खाली अस्तरापर्यंत झिरपलेला असतो. वरचा धागा वाळू लागला की तो खालचं पाणी वर ओढतो, समईतली वात तेल ओढते तसं, आणि पाण्याबरोबर चहाचा रंगही वर येतो. अस्तर तागाचं असेल तर तागाचा स्वतःचा तपकिरी रंगसुद्धा येतो. उपाय दोन. पाणी कमीत कमी राहू द्यायचं, आणि ब्लोअर लावून लवकरात लवकर वाळवायचं. ओलं कार्पेट एक-दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी धरू लागते. बंद हॉलातला तो कुबट वास ओळखीचा आहे ना? तो बहुधा धुतल्यामुळे आलेला असतो, न धुतल्यामुळे नाही.

हे सगळं करायला त्या रात्री किती वेळ लागला? दहाला सुरू करून पहाटे पाचला यंत्रं थांबली. पुढे दुपारपर्यंत ब्लोअर चालू. हे त्याला मिळालं कारण हंगाम संपला होता. हंगामात त्याला मिळतात चार तास. रात्री बाराला वरात जाते आणि सकाळी सहाला दुसऱ्या लग्नाचे केळवणवाले दारात उभे.

चार तासांत काय करता येतं? वरवर चोळता येतं. गोल फिरणाऱ्या यंत्राखाली ओला पॅड लावायचा आणि फिरवत सुटायचं. वरची टोकं चमकतात, फोटो छान येतो, आणि अर्धी घाण खाली ढकलली जाते. या पद्धतीला मी नावं ठेवत नाही. दोन मोठ्या सफायांच्या मधे ती ठीक आहे. त्याहून चांगली एक पद्धत आता रुळली आहे. तिच्यातलं द्रावण वाळताना घाणीच्या कणाभोवती कडक, ठिसूळ स्फटिक होतं आणि ते नंतर व्हॅक्यूमने निघून जातं. पाणी थोडं लागतं, तास-दोन तासांत हॉल वापरता येतो. पण या दोन्ही पद्धती म्हणजे रोजचं तोंड धुणं. वर्षानुवर्षांचा मळ काढायला अभ्यंगस्नानच लागतं.

या सगळ्यामागे एक साधं सूत्र आहे. हेंकेल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली ते मांडलं. सफाईला चार गोष्टी लागतात: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. चौघं मिळून एक वर्तुळ. एकाचा वाटा कमी केला तर उरलेल्यांनी तो भरून काढायचा. लोकरीला तीव्र रसायन चालत नाही, तर वेळ वाढवा. गरम पाणी नाही, तर घासणं वाढवा. मला हे कळलं तेव्हा वाटलं, आपल्या घराघरांत हे सूत्र न लिहिता पाळलं जात होतं.

आता निविदेकडे या वर्तुळातून बघा. चौरस फुटाला सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम, आणि वेळ चार तास. वेळेचा वाटा कापला, आता तो कुठून भरून काढणार? कामगार साबण दुप्पट करतो (म्हणजे चिकटपणा), ब्रश दाबून फिरवतो (म्हणजे लव विस्कटली), पाणी भरपूर मारतो (म्हणजे बुरशी). तिसऱ्या दिवशी डाग वर येतात आणि बिलातून पैसे कापले जातात. माझ्या विद्यार्थ्याचे एका कार्यालयाने असे कापले. त्याने ते स्वतः सोसले, मुलांच्या पगारातून घेतले नाहीत. सगळेच ठेकेदार असं करत नाहीत, आणि तेव्हा तो भुर्दंड पडतो तो यंत्राच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर.

इतिहासाची बाई असल्यामुळे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने व्हॅक्यूम क्लीनर बनवला. त्याआधीची काही यंत्रं धूळ फुंकून उडवत. बूथने ते उलटं केलं, फुंकण्याऐवजी ओढायचं. कल्पना पटते का बघायला त्याने म्हणे खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने हवा ओढली. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला! त्याचं यंत्र एवढं मोठं होतं की ते घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभं करत आणि नळ्या खिडकीतून आत नेत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतला गालिचा त्याच यंत्राने साफ झाला. राजाच्या पायाखालचा गालिचा साफ करणाऱ्याचं नाव इतिहासात आहे, कारण त्याच्यापाशी यंत्र होतं.

दुसरी गोष्ट १८७६ सालची. त्या वर्षी अमेरिकेत मेलव्हिल बिसेल यांनी गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी आपल्या अमरावती जिल्ह्यात डेबूजी जन्मले, ज्यांना पुढे महाराष्ट्राने गाडगेबाबा म्हटलं. बाबांनी खराटा हातात घेतला आणि गावंच्या गावं झाडली. २००० साली त्यांच्या नावाने आपण ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. खराट्याला आपण हार घातला, पण खराटा धरणाऱ्या हाताला कौशल्य असतं हे मान्य करायला अजून तयार नाही. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्या असतात. सफाईवाला सहसा सर्वांत खालच्या पायरीवर. जो माणूस धागा जाळून ओळखतो, सामू म्हणजे ज्याला सगळे पीएच म्हणतात तो जाणतो, केशाकर्षण रोज हाताळतो, तो अकुशल? जर्मनीत इमारतींची स्वच्छता हा रीतसर तीन वर्षं शिकून करायचा व्यवसाय आहे, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं, पुढे उस्तादाची पदवीही आहे. तिथे कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

काही जण म्हणतील, आपल्या धुळीच्या आणि दमट देशात कार्पेट हवंच कशाला? फरशी घाला, फडकं मारा, मोकळे व्हा. घरापुरतं मला हे शंभर टक्के मान्य आहे. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठेवणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. पण नाट्यगृहात किंवा शंभर माणसं फोनवर बोलणाऱ्या ऑफिसात आवाज शोषून घ्यायला ते लागतं. घालायचं तर त्याची निगा घालणाऱ्याच्या हिशेबात आधीच धरलेली हवी.

मग काय करावं? मला चार गोष्टी सुचतात, आणि एकीलाही मोठा खर्च नाही. पहिली, दारात पायपुसणं ठेवा, आणि ते नावापुरतं नको, माणसाची पाच-सहा पावलं त्यावर पडतील एवढं लांब हवं. आत येणारी पुष्कळशी माती तिथेच अडते. दुसरी, रोज व्हॅक्यूम. तिसरी, कामाच्या करारात दराइतक्याच ठळक अक्षरात तास लिहा, त्यात वाळण्याचे तास वेगळे.

चौथी गोष्ट माझ्यातल्या मास्तरणीची. साबणाच्या कॅनवरच्या सूचना मराठीतही द्या, आणि त्या समजावून सांगा. मी पाहिलेल्या कॅनवर सगळं इंग्रजीत होतं. एकास वीस प्रमाण म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा लिटर, हे सहावीतलं गुणोत्तर आहे. ते कुणी सांगितलं नाही तर माणूस अंदाजाने ओततो. अंदाज गालिच्याच्या बाबतीत चुकला तर गालिचा जातो. पण ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतण्याच्या बाबतीत चुकला तर क्लोरीन वायू होतो आणि बंद खोलीत माणूस जाऊ शकतो. "दोन्ही घातलं की जास्त साफ होतं" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, आणि ते म्हणणारा चांगला शिकलेला गृहस्थ होता.

लेख लांबला. मास्तरांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही, असं म्हणतात ते खोटं नाही. तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीच्या हॉलात कार्पेट असेल, तर ते साफ करणाऱ्याला एकदा विचारा, "तुम्हाला किती तास मिळतात?" कुणी आजवर विचारलं नसेल, त्यामुळे आधी तो जरा गोंधळेल. पण उत्तर देईल. आणि ते उत्तर तुमच्या व्यवस्थापकापर्यंत पोचवायचं काम तुमचं.

काय उत्तर मिळालं ते मलाही कळवा.